स्नेफेरकाच्या नावाची वाटी

बस, खुई. भाकर घे, बिअर घे. उद्या माझ्या पोरीला बायको म्हणून घरी नेशील, त्याआधी हे ऐक. ऐकून नको म्हणालास तरी मी राग धरणार नाही.

मी राजाच्या कारखान्यात दगडी भांडी कोरायचो. माझी पोर जन्मली त्याच दिवशी नवा राजा गादीवर बसला, म्हणून कौतुकानं त्याच्या नावावरून तिचं नाव ठेवलं 'स्नेफेरका जगो'. घरात लाडानं मित म्हणायचो.

ती तीन वर्षांची होते न होते तोच राजा गेला. कसा, ते विचारायचं नसतं. नव्या राजाचा हुकूम आला, कोठारातल्या सगळ्या भांड्यांवरून जुन्याचं नाव घासून काढा. मुकादम इरी मला म्हणाला, पोरीचं नाव बदल, डोक्याला ताप नको. मी हसण्यावारी नेलं. एवढ्याशा पोरीचं नाव कोण बघतंय?

ओली वाळू आणि गारगोटी घेऊन बसलो. पहिल्या दिवशी राजाच्या बिरुदात कोरलेली गवताची आणि मधमाशीची चित्रं घासली. दुपारी अंगणातल्या पोळ्यावर एकही माशी नव्हती. मध होता तसाच होता. दुसऱ्या दिवशी राजाचं नाव ज्या चौकटीत कोरतात, तिच्यावरचा ससाणा घासला, आणि आभाळात एक पाखरू उरलं नाही. सगळं गाव रस्त्यात उभं राहून वर बघत होतं. माझ्या अंगावर काटा आला रे. केवढ्या मोठ्या गोष्टीला आपण हात घातलाय, ते तेव्हा कळलं.

तरी हुकूम तो हुकूम. तिसऱ्या दिवशी चौकटीतलं नाव घासायला घेतलं. शेवटची एक वाटी उरली तेव्हा बायको, हेनुत, जेवण घेऊन आली. मित कुठंय, मी विचारलं.

"कोण मित?"

थट्टा करत नव्हती ती. खरंच विचारत होती…

वाटी कमरेच्या पंच्यात गुंडाळून घरी पळालो. पोर उंबऱ्यात बसली होती. तिच्या पाठीमागची भिंत मला तिच्यातून दिसत होती. वाटी समोर धरून मी नाव वाचलं, घासलेली बिरुदं तोंडपाठ म्हटली, पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. शेवटी ती म्हणाली, "बाबा, भूक लागली." मी ढसाढसा रडलो. सकाळी पोळ्यावर एक माशी आली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वाटी समोर ठेवून तिला पूर्ण नावानं हाक मारतो. ती ओ देते. मग जरा थांबून वाटीतून आणखी एक ओ येते… पुरुषाची, खोल. मी मान झुकवतो. राजाच तो. नाव जगवलं की त्याचा धनीही जगणारच.

आता माझा आवाज जातोय, जावईबापू. उद्यापासून हाक तू मारायची. एकही दिवस चुकवू नकोस.

आणि एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं आधी तिची ओ यायची.

चार दिवस झाले… आधी त्याची येते.