मधलं तांबं

माणसाने माणसाकडे बघून बोलावं, एवढं साधं वळण ज्याला नाही, त्याला कॉलेजात इतकी वर्षं काय शिकवलं कोण जाणे! आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू ज्ञानू, तो असला. शिरवण्यात आमच्या घरात राहतो, बोलतो माझ्याशी आणि ऐकवतो माझ्या नातीला.

रोज संध्याकाळी मी ओट्यावर सुकट निवडायला बसते. एका बाजूला आमची उज्वला, सानपाड्याच्या ऑफिसातून नुकती आलेली. दुसऱ्या बाजूला हा. घाटावरच्या माळकरी घरातला. सुकटीच्या वासाने नाक लाल, डोळ्यांना पाणी… पण जागचा हलेल तर शपथ!

"आजी, आज यांना उशीर झाला वाटतं…" हे तो माझ्या सुपाला विचारतो.

"आजी, सांग त्यांना, वाट बघायचा वेगळा पगार मिळत नाही म्हणावं!" उज्वला म्हणते, आणि ओढणीच्या टोकाआड हसते.

"दोघांनाबी कान हायत ना?" मी म्हणते. पण नाही. निरोप माझ्यावरूनच जायला पाहिजे.

परवा मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "येत्या रविवारी दिघ्याची मानसं येतायत. उज्वलाला बघायला."

ज्ञानूने तोंडाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला. उज्वलाने मान वर केली, एकदाच त्याच्याकडे बघितलं — आणि वाट पाहिली. आता तरी बोलेल…

"आजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला माझं काम समजावून सांगू?"

घ्या! घराला आग लागली आणि हा विहिरीची खोली मोजतोय.

चहासोबत आणलेल्या तांदळाच्या तीन भाकऱ्या त्याने एकावर एक रचल्या. "हे आमच्या यंत्रातले थर समजा, आजी. खरे असतात केसाहूनही पातळ. खालचा आणि वरचा चुंबकाचे, मधला तांब्याचा. खालच्या चुंबकाचं तोंड पक्कं, तो फिरत नाही. वरचा फिरतो. दोघांची तोंडं एका दिशेला आली की वीज सरळ जाते. उलटी झाली की अडखळते."

"आनि तू काय करतोस?"

"कुठल्या थरातून किती वीज जाते, ते शोधतो. सगळ्यात जास्त तांब्यातून जाते."

"म्हंजे राबायचं तांब्यानं आनि नाव चुंबकाचं!"

उज्वलाने हळूच भाकरीची कड मोडली. "आजी, विचार ना… खालच्या थराचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

ज्ञानूचे कानसुद्धा लाल झाले. हे काही सुकटीने नव्हे.

"आजी, त्यांना सांगा… त्यांच्याच बाजूला. दोन गणपती झाले. आता ते कशानेही फिरायचं नाही."

"मग सांग त्यांना," उज्वलाचा आवाज एवढासा झाला, "वरचा थर कधीचाच वळलाय. यांनी सुपातून डोळे काढले असते तर दिसलं असतं."

मी सुकट निवडायची सोडून बसले.

"का रं, मधलं तांबं काढून घेतलं तर?"

"नको, आजी!" तो घाबराच झाला. "मग दोन्ही थर एकमेकांना धरूनच बसतात. एक फिरला की दुसराही फिरतो. वेगळे राहतच नाहीत. आमचं यंत्र वाया जातं."

मी सूप उचललं. गुडघे कुरकुरले, पण उठले.

"आजी, कुठं चाललात?"

"ज्ञानू, चुंबकाचं सगलं कलतं तुला, पन मानूस म्हनून तू ठोंब्या हायस. खरा हायस, म्हनून सांगते. दिघ्याला नको म्हनून मी कलवते, तो माजा शेवटचा निरोप. तुजं यंत्र गेलं खड्ड्यात! तांबं चाललं घरात. आता सरक तिकडं, आनि काय सांगायचं ते तिच्या तोंडाकडं बघून सांग!"