दिवा धरलेली बाई

त्या शनिवारी मला एवढंच करायचं होतं. धाकट्याच्या घरून एक लाकडी पेटी उचलायची, धक्का न लावता बसने सभागृहापर्यंत न्यायची, सतरा नंबरच्या टेबलावर मांडायची आणि संध्याकाळी परत आणायची. धाकट्याला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. पन्नाशी उलटली तरी आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो.

पेटीत त्याची फौज होती. अंगठ्याएवढे धातूचे शिपाई, त्याने एकेक करून रंगवलेले. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या आणि घरी आलं की भिंग डोक्याला लावून हे घेऊन बसायचं. समुद्राखाली बुडालेलं एक राज्य आहे, तिथून चाळीस शिपाई चालत वर येतायत, अशी त्याची कल्पना. चिलखतांवर शिंपले, भाल्यांना शेवाळ, आणि सगळ्यांच्या पुढे हातात दिवा धरलेली एक बाई. अशा फौजांची दरवर्षी स्पर्धा भरते. पंच येऊन भिंगातून बारीकसारीक तपासतात. त्या एका स्पर्धेसाठी तो सहा वर्षं खपला होता.

मी चेष्टा करायची. म्हणायची, एवढ्या वर्षांत घर रंगवून झालं असतं. तो म्हणायचा, घराला डोळे नसतात, ताई.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक शिपायाला ओळखीतल्या कुणाचा तरी चेहरा द्यायचा. पोस्टमन, दुकानाचा मालक, माझी भावजय, सगळे त्या फौजेत होते. त्या माणसाला समोर स्टुलावर तासभर बसवायचं आणि डोळे अगदी शेवटी काढायचे, तेही माणूस समोर असतानाच. आठवणीतून डोळे येत नाहीत, म्हणायचा. डोळा काढताना तो श्वास रोखून धरी. खोली इतकी गप्प होई की बसणाऱ्यालाही श्वास घ्यायची चोरी. मग एक लांब उसासा, आणि ब्रश धुऊन ग्लासाच्या काठावर तीनदा आपटायचा. टक, टक, टक.

दिवेवाली बाई माझ्यासाठी राखून ठेवली होती. लहानपणी वीज गेली की तो माझ्या फ्रॉकचं टोक धरून मागे चालायचा आणि कंदील माझ्या हातात असायचा. त्याने ते मनात धरून ठेवलं होतं.

मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. आठवडाभर चेन बदला, पँटी आखूड करा. रविवार आला की अंथरूण सोडवत नाही. त्याचा फोन यायचा, तासभर येऊन बस. मी म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की. असं किती वेळा म्हटलं, ते आता मोजवत नाही. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "ताई, तुझेच डोळे राहिलेत."

"डोळे काय पळून जातायत?" मी म्हणाले. तो हसला.

त्याच आठवड्यात बुधवारी चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर तो जरा बसतो म्हणून बसला, तो उठलाच नाही.

महिनाभराने भावजयीला स्पर्धेचं पत्र आलं. नाव आधीच दिलेलं होतं. घरच्यांनी फौज मांडली तर चालेल, पण अर्जातले सगळे एक्केचाळीस जण पुरे रंगवलेले हवेत आणि सगळं काम एकाच हाताचं आहे अशी सही हवी. भावजय म्हणाली, "वन्सं, एवढं तरी त्याचं होऊ दे."

दिवेवालीचा चेहरा तेवढा कोरा होता. रंगाआधी देतात ते नुसतं राखाडी अस्तर. मला वाटलं, सुईत दोरा ओवणारा हात आहे माझा, जमेल. त्याच्या टेबलाशी बसून मीच तो रंगवला. रंग जाड झाला, ओठ एका बाजूला गेले, आणि डोळे तर बटणं टाकल्यासारखे, एक वर एक खाली. तरी चेहरा पुरा झाला होता. मी सही केली.

सभागृहात सकाळचं ऊन होतं, माणसांची वर्दळ होती, वार्निशचा वास कोंडला होता. कापसातून शिपाई काढून मी फळीवर त्यांच्या त्यांच्या खळग्यांत बसवले. दिवेवालीकडे मात्र लाजेने पाहिलंच नाही. चाचपतच ती सगळ्यांच्या पुढे ठेवली आणि उजेडापासून जरा वळवली.

पंच म्हणजे करड्या स्वेटरातले एक वयस्कर गृहस्थ. ते मागच्या रांगेपासून एकेक शिपाई पाहत पुढे आले. कुठेतरी काचेवर आपटल्याचा आवाज आला. टक, टक, टक. मला वाटलं, शेजारचा ब्रश धुतोय. पाहिलं तर शेजारचा माणूस चहाला गेला होता. त्याच्या टेबलावर ग्लास नव्हता.

पंच दिवेवालीपाशी थांबले. बराच वेळ थांबले.

"सगळं तुमच्या भावाचंच काम?"

"हो."

"त्यात शंकाच नाही. हात एकच आहे." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "यासाठी तुम्ही बसला होतात, नाही?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

मी रंगवलेला चेहरा तिथे नव्हता. तिथे मी होते. ओठांच्या कडेची घडी, हनुवटीवरचा जुना व्रण, सगळं पातळ रंगात, थरावर थर देऊन, त्याच्या पद्धतीने. कानापाशी पांढरी बटसुद्धा होती. माझी ती बट तो गेल्यानंतर पांढरी झालीय. आणि डोळ्यांच्या जागी नुसतं राखाडी अस्तर...

"डोळे मात्र राहिलेत," पंच हळू म्हणाले. त्यांनी बोट पुढे केलं. बोटाच्या टोकाला कातडीच्या रंगाचा ठिपका लागला होता. "अजून ओला आहे. सकाळीच केला का?"

त्यांनी कागदावर 'अपुरी' लिहिलं. लिहिताना त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, डोळे असते तर या टेबलापुढे कुणी टिकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी धाकट्याच्या घरी गेले. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आत भावजय भांडी घासत होती. दिवेवाली पेटीतून काढून टेबलावर ठेवली, ग्लासात स्वच्छ पाणी भरलं आणि समोर स्टुलावर बसले. म्हटलं, आले रे बाबा.

बराच वेळ काही झालं नाही. मग भांड्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. रंगाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला काचा पुसायच्या पाण्याचा, जो त्याच्या शर्टांना यायचा. समोर कुणीतरी श्वास रोखून धरलाय, हे मला कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. डाव्या पापणीला काहीतरी गार, केसाएवढं बारीक टेकलं...

मग लांब उसासा. टक, टक, टक.

मी भिंग घेतलं. दिवेवालीचा डावा डोळा उघडा होता. माझाच डोळा, माझाच घारा रंग. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्यात राग नव्हता.

आता एकच राहिला होता. आणखी अर्धा तास बसायचं होतं फक्त. ज्याला मी कंदील धरून अंधारातून नेलं, त्याला मी भ्यायचं काय कारण होतं? पण मी उठलेच. दाराशी पोचल्यावर तोंडातून सवयीने निघून गेलं, "पुढच्या रविवारी नक्की."

त्या रविवाराला आता तीन महिने झाले. मी गेलेली नाही.

परवा भावजयीचा फोन आला. बिचकतच तिने विचारलं, वन्सं, मी घरी नसताना तुमच्याकडची किल्ली घेऊन तुम्ही दुपारच्या येऊन जाता का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, रविवारी सकाळी मी ग्लासातलं पाणी बदलते आणि संध्याकाळी ते गढूळ झालेलं असतं. घाऱ्या रंगाचं. बाईला मात्र अजून एकच डोळा आहे.

तिला मी एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या रविवारी मी माझ्या घरी दुपारची झोपले होते. उठून तोंड धुतलं आणि पुसलं. पांढऱ्या टॉवेलवर उजव्या डोळ्याच्या जागी एक रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, घाऱ्या रंगाची.