सत्ताविसावं मत

रविवारचं जेवण उरकलं की बंधुसंघाच्या घरात राहणारी कॉलेजची मुलं कोट चढवून तिसऱ्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत जात. १९५७च्या मार्चमधल्या त्या रविवारीही गेली. भाजलेल्या मांसाचा आणि कोबीचा वास जिन्यातून त्यांच्या मागोमाग वर आला. खोलीला पश्चिमेकडे तीन उंच खिडक्या होत्या. बाहेरच्या एल्मच्या झाडांना अजून पालवी नव्हती, आणि नेब्रास्काचा वारा त्यांच्यातून सरळ येऊन काचा खडखडवत होता. खोलीतल्या खुर्च्या गावातलं जुनं नाटकगृह मोडलं तेव्हा आणलेल्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर आपटायची, त्यामुळे सभेतून हळूच निसटायची कोणाची सोय नव्हती.

आर्विड होल्म समोरच्या टेबलाशी उभा राहिला. तो बंधुसंघाचा त्या वर्षीचा अध्यक्ष. स्थापत्याचं शेवटचं वर्ष, आणि सुट्टीत रस्त्यांच्या मोजणीचं काम. मोजून हाती आलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसायचा, बाकीच्या गोष्टींवर तो वाद घालायचा. त्यानं डोकी मोजली. सव्वीस. सगळे हजर.

विषय एकच होता. टॅड मुरोकाला संघात घ्यायचं की नाही.

टॅड, पूर्ण नाव टॅडाशी, शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याचे वडील राज्याच्या पश्चिम टोकाला बीट पिकवायचे. सहा महिने तो उमेदवार म्हणून या घरात राबला होता. जिने घासले, थोरल्यांचे जोडे चकचकीत केले, सव्वीस जणांची गावं आणि त्यांच्या आयांची माहेरची नावंसुद्धा पाठ केली. आजवरचा कुठलाच उमेदवार इतका चोख निघाला नव्हता. पण या घरात जपानी चेहऱ्याचा कोणी कधी राहिला नव्हता, आणि युद्ध संपून बाराच वर्षं झाली होती.

मतदानाची पेटी अक्रोडाच्या लाकडाची होती. पुढच्या बाजूला मखमलीची बाही. बाहीत हात घालायचा, आतल्या पांढऱ्या गोळ्या आणि काळे ठोकळे बोटांनी चाचपायचे आणि एक उचलून मागच्या भोकात सोडायचा. गोळी म्हणजे होकार, ठोकळा म्हणजे नकार. शंभर होकारांना एक नकार भारी, असा नियम पहिल्यापासूनचा.

सगळ्यांची मतं पडल्यावर आर्विडनं पेटीखालचा खण ओढला. गोळ्यांच्या मधोमध एक ठोकळा होता.

 सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडे, ड्वाइट प्रुइटकडे वळल्या. ड्वाइटचा थोरला भाऊ ओकिनावात जपान्यांशी लढताना पडला होता.

सभा मोडल्यावर आर्विडनं त्याला जिन्यात गाठलं.

"तूच ना?"

"टाकणार होतो," ड्वाइट म्हणाला. "हात घातला तेव्हा ठोकळाच होता बोटांत. मग आठवलं, मला गालगुंडं झाली होती तेव्हा तुम्ही सगळे दारातूनच विचारून जायचात. टॅड चार दिवस उशाशी बसून पेज भरवत होता. गोळी टाकली मी. तुला पटत नसेल तर राहू दे."

आर्विडला पटलं. आणि पटलं म्हणूनच त्याला आत कुठेतरी अस्वस्थ वाटायला लागलं.

संघाच्या घटनेप्रमाणे आठवड्यानं पुन्हा मत घेता येत होतं. मधल्या दिवसांत आर्विड एकेकाला बाजूला घेऊन बोलला. पंचवीसच्या पंचवीस जणांनी शपथेवर सांगितलं की आम्ही गोळीच टाकली. रविवारी पेटी पुन्हा फिरली, आणि खणात पुन्हा एक ठोकळा निघाला. या वेळी आर्विडनं गोळ्याही मोजल्या. दोनदा मोजल्या.

गोळ्या सव्वीस होत्या.

"कोणीतरी दोन टाकले," पहिल्या रांगेतून कोणी म्हणालं.

आर्विडनं ठोकळा उचलला. गोळ्या हातांच्या उबेनं कोमट होत्या. ठोकळा मात्र विहिरीतून काढल्यासारखा गार, आणि बोटाला ओल लागली.

तिसऱ्या रविवारी त्यानं कोणाला न सांगता सकाळीच पेटी उघडली. सहाचे सहा काळे ठोकळे काढून स्वतःच्या खिशात घातले. दुपारी सगळ्यांना सांगितलं, आज बाहीत हात घालायचा नाही. गोळी इथून घ्या, तळहातावर सगळ्यांना दाखवा आणि वरून टाका. गुप्त मतदानाचा नियम त्यानं असा भर दुपारी धाब्यावर बसवला. सव्वीस तळहात त्यानं स्वतः पाहिले. मग खण ओढला.

सव्वीस गोळ्या, एक ठोकळा.

त्यानं खिसा चाचपला. सहाही तिथेच होते. बाहेर काढून शेजारी मांडले, तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनाही दिसलं की खणातला या संचातला नव्हता. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, वर्षानुवर्षं एकाच हातात राहिल्यासारख्या.

 एकानं उठून मधली खिडकी लावली, खरं तर ती आधीच लावलेली होती.

बुधवारी आर्विड कॅल्व्हर्टसाहेबांकडे गेला. साहेब १९१२चे पदवीधर, गावातले नावाजलेले वकील, आणि जुन्या सभासदांच्या वतीनं घरावर लक्ष ठेवणारे. बँकेच्या वरच्या मजल्यावर त्यांची कचेरी होती. आर्विडनं सगळं क्रमानं सांगितलं, आकड्यांसकट. म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला.

"ओला होता?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो, साहेब."

कॅल्व्हर्टसाहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "आमच्या वेळीही असंच झालं होतं. दोनदा झालं. मग आम्ही समजलो आणि विषय सोडून दिला. याला शिष्टाचार म्हणतात, बाळ."

"कोणाशी शिष्टाचार?"

"आपण शपथ काय घेतो? आयुष्यभर आणि त्यानंतरही. तूही घेतली आहेस. सभासदत्व संपत नाही, मग मताचा हक्क तरी का संपावा?"

"तुमच्या वेळी कोणाचं नाव होतं?"

साहेबांनी खिडकीकडे मान वळवली. "वोंद्रा म्हणून एक पोरगा होता. चेक शेतकऱ्याचा. फार चांगला मुलगा. आम्ही वर मत घेत होतो आणि तो खाली पायरीवर नवा कोट घालून बसला होता. त्याला सांगायला मलाच पाठवलं."

"काय सांगितलंत?"

"की सगळ्यांचं मत विरुद्ध पडलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, आर्विड. घटना मोडलीस तर संघाचं मुख्यालय दारावरची पाटी काढून नेईल. मी थांबवू शकणार नाही."

"पाटी चार खिळ्यांवर आहे, साहेब," आर्विड म्हणाला. "मीच काढून ठेवतो. त्यांना शिडी आणायचा त्रास नको."

टॅड त्याला शेतकी विभागाच्या काचघरात सापडला. टॅड बीटाची रोपं एका वाफ्यातून दुसऱ्यात लावत होता. आर्विडनं त्याच्यापासून काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "तू नाव मागे घेतलंस तर कोणी तुला नावं ठेवणार नाही. मी तर नाहीच."

टॅडनं हातातलं रोप लावून माती दाबली. मग म्हणाला, "मी सहा वर्षांचा असताना, युद्धात, सरकारनं आम्हाला पश्चिम किनाऱ्यावरच्या घरातून उचलून छावणीत टाकलं. तीन वर्षं. रोज सकाळ-संध्याकाळ ओळीत उभं करून मोजायचे. मोजणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही, टोपी आणि दिवा तेवढा दिसायचा. आमचं काय चुकलं, हे कोणी तोंडानं सांगितलं नाही. कागद यायचा."

"टॅड, हा जो कोणी आहे..."

"कोण आहे ते मला नाही ठाऊक, आणि तुलाही नाही. पण नाव मी मागे घेणार नाही. मी नको असेन तर त्यानं समोर येऊन म्हणावं. पेटीआडून नाही."

चौथ्या रविवारी आर्विडनं पेटी वर नेलीच नाही. एप्रिल लागला होता, ऊन जमिनीवर तीन लांब पट्टे टाकून पडलं होतं. टॅड दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वाट पाहत होता.

"आज नावं वाचणार," आर्विड म्हणाला. "ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून मोठ्यानं मत सांगायचं आणि उभंच राहायचं. हे घटनेत बसत नाही. ज्याला मान्य नसेल त्यानं आत्ता खाली जावं."

कोणी गेलं नाही.

तो नावं वाचत गेला. एकेक जण उठला, एकेक बैठक वर आपटली. हो. हो. हो. ड्वाइट शेवटच्या रांगेतून उठला, नको इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाला, आणि त्याची बैठक वाजली. शेवटी आर्विडनं स्वतःचं नाव वाचलं आणि स्वतःच हो म्हटलं. तो आधीपासून उभाच होता.

खोलीत सगळे उभे होते.

"मत असलेला आणखी कोणी असेल," आर्विड म्हणाला, आणि आपला आवाज स्थिर आहे याचं त्यालाच नवल वाटलं, "तर त्यानं उठावं आणि बोलावं. इथे उजेड आहे. सगळ्यांनी आपापलं तोंड दाखवलंय."

वारा पडला होता. काचा वाजत नव्हत्या.

आर्विडनं घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट जाऊ दिलं.

शेवटच्या रांगेत एक बैठक वर आपटली.

ड्वाइट गर्रकन वळला. त्याच्या उजव्या हाताला भिंतीपर्यंत चार खुर्च्या होत्या. चारही मिटलेल्या. "इथे कोणी नाही," तो म्हणाला. मग त्या रिकाम्या जागेकडे बघतच म्हणाला, "उठला आहेस तर बोल ना, लेका."

आर्विडनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"हरकत आली नाही," आर्विड म्हणाला. "टॅडाशी मुरोका एकमतानं बंधू झाला. घेऊन या त्याला."

रीतीप्रमाणे टॅडला डोळे बांधून आत आणलं. पंचवीस जण भिंतीला पाठ लावून ओळीत उभे राहिले. नव्या बंधूनं एकेकापुढे थांबायचं, उजवा हात पुढे करायचा. समोरच्यानं तो धरून स्वतःचं नाव सांगायचं. नाव कानी पडेपर्यंत हात सोडायचा नाही. आर्विड टेबलाशी शपथेचा कागद घेऊन उभा होता.

टॅड एकेक पाऊल सरकत गेला. हात, नाव. हात, नाव. ड्वाइट ओळीत शेवटचा होता. त्यानं दोन्ही हातांनी टॅडचा हात धरला आणि नाव सांगितलं.

टॅड आणखी एक पाऊल सरकला.

पुढे नुसती भिंत होती. टॅडनं हात पुढे केला.

आर्विड हाक मारायला पुढे झाला आणि जागीच थांबला. 

टॅडचा हात हवेत होता, आणि बोटं मिटलेली होती. कोटाची बाही मनगटाशी ताणली गेली, मग खांदा एकदम पुढे ओढला गेला. टॅडनं पाय रोवले. मानेची शीर तट्ट फुगली. ओळीतला एकही जण हलला नाही.

किती वेळ गेला ते आर्विडनं मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग टॅडचा हात सैल होऊन खाली आला. त्यानं श्वास सोडला आणि सरळ टेबलाकडे चालत आला. त्यानं शपथ घेतली ती खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता.

संध्याकाळी खालच्या ओसरीवर रुबार्बची आंबट-गोड पाई आणि कॉफी होती. आत मुलं जरा जास्तच मोठ्यानं गात होती. टॅड पायरीवर मांडीवर बशी घेऊन बसला होता. तो डाव्या हातानं खात होता. आर्विड त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"वर किती हात धरलेस?"

"सव्वीस," टॅड म्हणाला. "तू सोडून. मोजायची सवय आहे मला."

"ओळीत पंचवीसच होते."

"वाटलंच." त्यानं आणखी एक घास घेतला. "शेवटचा हात मागे ओढत होता. फार जोर होता त्याच्यात. पण तूच सांगितलं होतंस, नाव ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. मग मी सोडला नाही, शेवटी तोच हातातून विरून गेला."

आर्विडला विचारायचं नव्हतं. तरी त्यानं विचारलं. "काय नाव सांगितलं?"

टॅडनं बशी पायरीवर ठेवली.

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "सांगायला बघत होता. ओठ उघडायचे, मिटायचे, ते अगदी जवळून ऐकू येत होतं. आठवत नव्हतं त्याला."