हजेरीतलं बारावं नाव

मघाशी तू दारातून हाक मारलीस आणि मी ओ दिली नाही, त्याचा राग धरू नकोस. बस, सांगते.

सन शहाण्णव. इंदापुरात आबासाहेबांची जन्मशताब्दी होती. इंग्रजांच्या काळात कापसाची गिरणी काढून गब्बर झालेला आणि पुढं नगराध्यक्ष होऊन गावाला नळ देणारा हा माणूस. त्याचं चरित्र लिहायला त्याच्या नातवानं, शंभूराजनं, मला बोलावलं. शाळा मी पाहिली नाही. गिरणीतल्या कापसाच्या गासड्यांवरची अक्षरं बघून वाचायला शिकले. तरी तालुक्यात माझ्यासारखं लिहिणारं दुसरं होतं कोण?

मी अट घातली. "त्रेचाळीस साली गिरणी पेटली, तवा माझी आई ठमाबाई आत जळाली. एवढी एक ओळ छापायची."

"आज्जी, त्या दिवशी आत कुणीच नव्हतं. आबांनी स्वतः हजेरी घेतलीय." त्यानं जुनी वही पुढं केली. "ह्या बघा, बारा बाया गैरहजर. भिगवणकडं कामाला गेल्या म्हणत्यात."

"सकाळी भाकरी बांधून गिरणीत गेलेली बाई भिगवणला कशी जाईल रं? चल, तितंच वाच ही हजेरी."

भर दुपारी आम्ही तिथं गेलो. गिरणी तेव्हापासून बंद. गोदामाच्या लोखंडी दाराचं कुलूप गंजून दगड झालेलं. बाया कापूस चोरतील म्हणून आबासाहेब त्यांना आत घालून बाहेरून कुलूप लावायचे. गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

शंभूराज हसला. "घ्या, घेतो हजेरी. द्वारकाबाई!"

"हाय."

बारीक आवाज. दाराच्या आतून.

त्याचं हसू तोंडावरच वाळलं. "आज्जी... चेष्टा नका करू."

"माझं तोंड मिटलेलं हाय. वाच पुढं."

"तानूबाई..."

"हाय."

जळक्या सरकीचा वास यायला लागला. एकेक नाव, एकेक 'हाय'. अकराव्या नावावर त्यानं बोट ठेवलं.

"ठमाबाई..."

"हाऽय."

दमली की आई असाच 'हा' लांबवायची. मी दाराला हात लावला. सावलीतलं लोखंड, तरी तळवा पोळला.

"छापतो," शंभूराज कुजबुजला. "अकराही नावं छापतो. चला हितनं..."

"आणि बारावं?"

त्यानं वही मिटली. "बारावं तुमचं हाय, आज्जी."

व्हय. नऊ वर्षांची मी, मीही तिथं कामाला होते. त्या दिवशी तापानं फणफणले होते. बारा जणींत खरी गैरहजर मी एकटी.

आम्ही पाठ वळवली. मागून कुणीतरी दोनदा खाकरलं. हजेरीआधी आबासाहेब खाकरायचे, तसं. मग सावकाश, अगदी स्पष्ट आवाजात...

"सारजा?"

'हाय' जिभेवर आलं होतं. पदर दातांत धरला आणि चालत राहिले.

पुस्तक निघालं. अकरा नावं छापून आली, मीच लिहिलेली. तेव्हापासून कुणी हाक मारली की मी ओ देत नाही. आधी दार उघडून तोंड बघते.

बहुतेक वेळा दारात कुणीतरी असतं.