जरा लांबचाच रस्ता

"पंक्चर झालीये का?"

घाटातल्या वळणावर ती कठड्यावर बसली होती, सायकल शेजारी आडवी टाकून. धुक्यातून आधी आवाज आला आणि मग आवाजाचा मालक. उंच, सडपातळ, डोक्यावर हेल्मेट तिरकं.

"नाही," ती म्हणाली. "ट्रक मोजतेय."

"ट्रक?"

"हं. बोलू नका, चुकेल... गेला बघा एक, तुमच्यामुळे!"

तो निमूट शेजारी बसला. पुढचा ट्रक मात्र त्यानेच आधी ओळखला, नुसत्या आवाजावरून. तिला हसू आलं. डोंगरातल्या त्या गावात तिच्या मावशीचं सायकलसहलींचं दुकान होतं आणि रस्ते आखायचं काम हिचं. घाटात गर्दी कधी कमी असते, सावली कुठे, पाणी कुठे, सगळं आधी बघून ठेवावं लागे. मावशीचा नियमच होता की स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाईकाला रस्ता द्यायचा नाही.

"मग मलाही द्या ना एक," तो म्हणाला. "इथून थेट खाली, मैदानी मुलखात. पुढच्या महिन्यात बदली आहे माझी. सामान टेम्पोतून जाईल, मी सायकलवरून. सगळं बघत बघत जायचंय."

तो गुरांचा डॉक्टर होता. बदली त्याने स्वतःच मागून घेतली होती. खाली वडील एकटे होते आणि हल्ली त्यांना दिसायचं कमी झालं होतं.

काम खरं तर एका दुपारचं. डोंगरावरून मैदानात जायला रस्ता तो किती शोधायचा? पाणी जातं तसं जायचं! पण पहिल्या रविवारी दोघं चालवून आली, सायकली बसच्या टपावर टाकून परतली, आणि हिने नाक मुरडलं.

"पुलावर खड्डे आहेत."

"दोन आहेत."

"दोन कमी झाले?"

पुढच्या रविवारी फळबागांच्या रस्त्याला ऊन फार निघालं. त्याच्या पुढच्या खेपेला कालव्याकाठचा रस्ता एकसुरी ठरला. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी हिने कालव्याकडे बघितलंच नव्हतं. तो गाईंबद्दल सांगत होता आणि ही ऐकत होती.

"रुसतात हो गाई. इंजेक्शन दिलं की आठवडाभर पाठ फिरवून उभ्या."

"मग तुम्ही काय करता?"

"समोर जाऊन उभा राहतो. एखादीचं मन जिंकायचं तर... वेळ द्यावा लागतो." असं म्हणून त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने उगाचच गिअर बदलला, तोही चुकीचा.

मावशीने सगळं पाहिलं होतं. "काय धाड भरलीये गं त्या रस्त्याला?" तिने एकदा विचारलंच.

"चांगला हवा ना, मावशी."

"चांगलाच आहे तो. संपतो, एवढंच काय ते त्याचं चुकतंय."

हिने नकाशा गुंडाळून ठेवला. रोज संध्याकाळी तो दुकानाच्या काचेवर टकटक करायचा आणि विचारायचा, "आपल्या रस्त्याचं काय झालं?" आपल्या! त्या एका शब्दावर ही दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तरंगत असायची. पण वडिलांकडे निघालेल्या माणसाला थांब कसं म्हणायचं? आणि थांब म्हणायचं नसेल, तर बाकीचं तरी कोणत्या तोंडाने बोलायचं?

शेवटी जायचा दिवस उजाडला आणि रस्ता द्यावाच लागला. निम्म्या घाटापर्यंत सोडायला ती सोबत निघाली. नकाशा बघून त्याच्या कपाळावर आठी आली.

"अहो, उतरता उतरता मध्येच परत टेकडी चढवताय मला?"

"देखावा आहे."

"कसला?"

"चढा तर."

टेकडीच्या माथ्यावर दोघं धापा टाकत थांबली. पायथ्याशी मैदान पसरलं होतं, धुरकट, नदीच्या एका रेघेसकट. तो बघतच राहिला.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "मागे बघा."

मागे, उंचावर, त्यांचं गाव होतं. दुकानाचं निळं छप्परसुद्धा दिसत होतं.

"इथून पुढे गाव दिसत नाही." ती त्या छपराकडे बघत म्हणाली. "हा चढ मी कुणाच्याच रस्त्यात घालत नाही. तुमच्यासाठी घातला... तुम्ही एकदा तरी वळून बघावं म्हणून. मला तुम्ही आवडता. फार आवडता. थांबा म्हणत नाहीये मी. पण न सांगता जाऊ दिलं असतं, तर जन्मभर चुटपुट लागली असती."

त्याने हेल्मेटचा पट्टा लावला. "बाबा... जेवायचे थांबलेत," एवढंच कसंबसं म्हणाला, आणि निघाला.

ती गवतात बसून राहिली. सगळी उतरण दिसावी असाच रस्ता तिने निवडला होता आणि आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या कामाचा राग आला. एका वळणावर तो दिसे, दुसऱ्यावर नाहीसा होई, आणि दर वेळी आणखी लहान होऊन दिसे. मग दिसेनासाच झाला. तिने डोळे पुसले, सायकल उचलली.

आणि खालच्या वळणावर एक ठिपका हलला. वर येत होता!

उतरताना पापणी लवते न लवते तोच गेलेला माणूस, चढताना काही केल्या जवळ येईना. पेडलवर उभा राहून, डुगडुगत, मध्येच थांबून... ती टेकडीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

तो आला, सायकल गवतात सोडून दिली, आणि कमरेवर हात ठेवून वाकला.

"बाबांना कळवलंय... जेवून घ्या म्हणून." श्वास. "मला जावं लागेल... त्यांच्याकडे."

"माहितीये."

"पण दर महिन्याला... मी येईन. असाच, चढून. आणि तुला वाटेल तेव्हा... तूही खाली ये. मलाही तू... कधीपासून... अगं, मघाशी शब्दच फुटेना! फुटला, तेव्हा मी पार खाली पोचलो होतो!"

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग आपली पाण्याची बाटली तिने त्याच्यापुढे धरली.

"आधी पाणी पी," ती म्हणाली. "मग परत सांग, सावकाश, पहिल्यापासून. आणि मग जा."