लाकडी दवाखाना

"दवाखाना चोरीला गेलाय," नियोजन कचेरीचे साहेब म्हणाले, आणि भाऊजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

दवाखाना म्हणजे काडेपेटीएवढा, लाकडी. पाच गावांसाठी रस्ता, शाळा आणि दवाखाना व्हायचा होता. त्याची टेबलभर प्रतिकृती साहेबांनी डोंगरउतारासकट करून घेतली होती. दुपारी निधी देणारी समिती ती बघायला यायची होती. सकाळी पाहतात तर सगळं भिजलेलं आणि दवाखाना गायब.

"समिती परत गेली की पैसा दुसरीकडे जाईल," साहेब म्हणाले. सदरा कडक इस्त्रीचा, पण घाम बाहीने टिपत होते. मांडीवरची पिशवी काही सोडत नव्हते. भाऊजींना त्यांची फार दया आली. साहेबांची सून बाळंतपणाला नेताना वाटेतच गेली, हे गावाला ठाऊक होतं.

भाऊजींची मेहुणी ठकू खासगी तपासाचं काम करायची. तिने एव्हाना चपला घातल्यासुद्धा होत्या.

कचेरीत पोचल्यावर भाऊजींनी लगेच निकाल दिला, "कुणीतरी बादली उपडी केलीय."

"बादलीने ही स्पंजची झाडं आडवी झाली असती, भाऊजी. एकूण एक उभी आहेत."

खिडकीत कुंड्यांना पाणी घालायची झारी होती. डोंगराचा रंग ओघळून नदीच्या वळणाशी साचला होता. तिथेच एक कोरडा चौकोन उरला होता, दवाखान्याच्या मापाचा.

खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. साहेब, सुतार आणि नगराध्यक्षा.

सुतार हळहळला. "घाईत वॉर्निश राहिलं हो. एरवी साहेब आठवणीने लावून घेतात, मग कितीही पाणी पडो."

नगराध्यक्षा फणकारल्या. "मला दवाखाना वर माळावर हवा होता, हे मी लपवलं नाही. पण पाच गावांच्या तोंडचा घास काढणाऱ्यातली मी नव्हे."

भाऊजी ठकूच्या कानाशी लागले, "हीच ती." ठकूने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"बिघाड करणारा असं जपून पाणी घालत नाही," ती म्हणाली. "झारीने डोंगरावर पाऊस पाडलाय. पाणी कुठे जातं ते कुणाला तरी बघायचं होतं. टेबलावरच्या डोंगराला वॉर्निश कशाला लागतं? ज्याला दरवेळी असा पाऊस पाडून बघायची सवय आहे, त्यालाच."

सुतार हळूच साहेबांकडे बघायला लागला.

"चौकोन कोरडा आहे, म्हणजे पाऊस पडला तेव्हा दवाखाना जागेवरच होता. फुगू नये म्हणून कुणीतरी तो नंतर उचलला, पुसला आणि गुंडाळून ठेवला. साहेब, तुमचा रुमाल कुठंय?"

भाऊजींना ज्याची दया येत होती, तोच माणूस पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढत होता. आत लाकडी दवाखाना होता.

"जागा मीच निवडली," साहेब म्हणाले. "सूनबाई त्या वळणावरच गेली. तिथेच दवाखाना व्हावा असं मनाने घेतलं, म्हणून आधी पाऊस पाडून बघितलाच नाही. काल बघितला, तर सगळं पाणी दवाखान्याच्या दारात. आता जागा चुकली म्हणावं तर पैसा जातो. चोरी झाली म्हटलं, तपासही लावला, तर समिती नुसता कागदावरचा नकाशा बघून सही करून जाईल असं वाटलं."

"आणि पावसाळ्यात?" नगराध्यक्षांनी विचारलं. "खाटांवर बाळंतिणी असतील, साहेब."

भाऊजींना त्या लाकडी ठोकळ्याकडे बघवत नव्हतं. खाली गाड्या थांबल्याचा आवाज आला.

साहेबांनी दवाखाना उचलला आणि परत वळणावरच, त्या कोरड्या चौकोनात ठेवला. भाऊजींनी ठकूकडे पाहिलं. माणूस अजून लपवणार की काय?

"समितीला वर बोलवा," साहेब नगराध्यक्षांना म्हणाले. "तुमचा माळही दाखवू. पैसा राहील की जाईल, ते त्यांनी बघून ठरवावं."

मग त्यांनी खिडकीतली झारी भाऊजींच्या हातात दिली.

"एवढी भरून आणा."