पाटीच्या दगडाखाली

श्रीपादरावांना घ्यायला मी बॉनच्या स्टेशनवर पोहोचले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ऑगस्ट महिना, ऊन आत्तापासूनच चटके देत होतं. गाडीत दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. मागच्या सीटवर उंच बुटांचे दोन जोड, साप धरायची आकडी आणि घट्ट झाकणाची पेटी. एखाद्या बापाला त्याची मुलगी जिथे कोसळली ती जागा दाखवायला निघताना हे सामान विचित्र वाटेल, पण साप हेच माझं काम. लोक हौसेने परदेशी साप पाळतात, कंटाळा आला की टाकून देतात. असल्या सापांना सांभाळणाऱ्या केंद्रात मी वीस वर्षं आहे.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. आणि या प्रकरणात तो तापायलाच हवा होता.

केया श्रीपादरावांची एकुलती एक. वर्ध्याची पोरगी, बॉनला खडकांवर पीएचडी करत होती. रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. आयफेलच्या डोंगरात पाटीच्या दगडाची एक जुनी खाण आहे, घळीच्या तोंडाशी. तिथे ती नमुने गोळा करायची. मागच्या वर्षी जूनमध्ये तिने तिथे खुळखुळ्यासारखा आवाज ऐकला. शेपटीने खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक असावा, असं रीतसर जिल्हा कार्यालयाला कळवलं. तिथल्या फोस नावाच्या अधिकाऱ्याने दोन ओळींचं उत्तर पाठवलं : जर्मनीत रॅटलस्नेक नसतात, आपण ऐकला तो नाकतोडा असावा.

नऊ दिवसांनी तिला त्याच घळीत दंश झाला. तिने स्वतःच फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलने कार्यालयाला विचारलं, त्या भागात विषारी साप आहे का? फोस म्हणाला, नाही. प्रतिविष मागवलंच नाही. केया वाचली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, कीटकदंशाची ॲलर्जी.

आणि घळीच्या वरच्या अंगाला थेलन नावाचा एक म्हातारा राहायचा. तळघरात रॅटलस्नेक पाळायचा, रीतसर परवान्याने. तो वारल्यावर कार्यालयाची माणसं येऊन साप घेऊन गेली. त्याची शेजारीण मला म्हणाली, पेट्या अकरा होत्या, नेलेले साप नऊ. मी हे फोसला सांगितलं तेव्हा तो काय म्हणाला माहितीये? “तुमच्या देशात साप घरोघरी असतात. ही मुलगी कदाचित स्वतःच काहीतरी पाळत असेल.”

मी टेबलावर हात आपटला होता. त्याने मला पुढचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दिला. सहा आठवड्यांनंतरचा.

म्हणून मी ठरवलं, साप शोधायचा आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा.

आम्ही घळीत उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे थर, उन्हाने तापलेले. पायाखाली पातळ चिपा सरकायच्या, फुटक्या कौलांसारख्या वाजायच्या. श्रीपादराव माझ्या मागून पाऊल टाकत होते. निवृत्त शाळामास्तर, शिडशिडीत, डोक्यावर रुमाल. मुलीचं नाव त्यांनी सकाळपासून एकदाही घेतलं नव्हतं.

“ताई, तो आवाज कसा असतो?” त्यांनी हळूच विचारलं.

“वाळक्या शेंगा हलवल्यासारखा.”

“तागाच्या शेंगा. आमच्याकडे वाजतात वाऱ्यावर.” कान देत ते म्हणाले, “तसाच आवाज येतोय मघापासून.”

मला काही ऐकू येत नव्हतं. मी थांबले. घळीत वारा नव्हता, पाखरू नव्हतं. काकडी चिरल्यावर येतो तसा ओलसर वास मात्र होता, आणि सापाचा तो वास मी ओळखते.

मग मलाही ऐकू आलं... बारीक, कोरडं. समोरून आल्यासारखं वाटायचं, दोन पावलं गेलं की मागून. वीस वर्षांत सापाने मला असं फिरवलं नव्हतं. एक तास आम्ही दगड उलथत होतो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

“तिथे नाही.”

मी दचकून वर पाहिलं. खाणीच्या कडेवर एक म्हातारा उभा होता. खाकी जाकीट, हातात माझ्यासारखीच आकडी. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

“डावीकडून तिसरी लादी,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “सावकाश... ती घाबरलेली आहे.”

एवढंच मी ऐकलं. मग तो श्रीपादरावांकडे वळला. त्यांच्याकडे पाहत कितीतरी वेळ उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण माझ्यापर्यंत शब्द पोहोचला नाही. श्रीपादरावांनी मात्र मान हलवली. एकदा, दोनदा. मग हात जोडले.

मी तिसरी लादी उचलली. सापीण तिथेच होती. वेटोळं घालून, मनगटाएवढी जाड, शेपटी उभी आणि थरथरती. आकडीने उचलून पेटीत सोडली, झाकण लावलं. वर्षभर खोटी ठरवलेली गोष्ट माझ्या पेटीत फुत्कारत होती!

मान वर केली तर कडेवर कुणी नव्हतं. त्या चिपांवरून आवाज न करता कुणालाच जाता येत नाही. मला त्याच्या जाण्याचा आवाज आला नव्हता.

“ते आजोबा मराठी कुठे शिकले असतील?” श्रीपादरावांनी विचारलं.

“मराठी?”

“अहो, किती स्वच्छ बोलले. म्हणाले, पोर नकळत त्या दगडावर बसली. तिची काही चूक नाही.” त्यांचा आवाज फुटला. “म्हणाले, मदत येईपर्यंत मी तिच्याजवळ बसलो होतो.”

त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. दशम्या तशाच राहिल्या.

अडीच वाजता टेर्मिन न घेता मी फोसच्या खोलीत शिरले आणि पेटी त्याच्या कागदांवर ठेवली. आतून खुळखुळा वाजला. फोस खुर्चीसकट मागे सरकला.

“हा नाकतोडा,” मी म्हटलं. “आणि हे केयाचे वडील. आता यांच्यासमोर सांगा, मुलगी घरात काय पाळत होती.”

“तुम्हाला... कुठे मिळाला?”

मी सांगितलं. म्हाताऱ्याबद्दलही सांगितलं, बोटांसकट. फोसचा चेहरा उतरला.

“थेलन,” तो पुटपुटला. “त्याची दोन बोटं सापामुळेच गेली होती. पण तो... दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये... त्याचे साप ताब्यात घेतल्याच्या कागदावर मी स्वतः सही केली आहे.”

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. पण मी इतकी संतापले होते की भीतीला जागाच उरली नव्हती. मेलेल्या माणसाला आपल्या चुकीची लाज वाटते, आणि पगार घेणारा जिवंत माणूस फाइलमागे लपतो? “लिहा,” मी ओरडले. “दोन साप बेपत्ता होते आणि तुम्हाला ठाऊक होतं, हे लिहा. लिहून होईपर्यंत ही पेटी इथून हलणार नाही.”

त्याने लिहिलं. श्रीपादरावांनी प्रत्येक ओळ माझ्याकडून मराठीत समजून घेतली, मास्तर वही तपासतात तशी. दोन महिन्यांनी दाखला बदलून आला : सर्पदंश. माफीचं पत्र आलं नाही, आजतागायत. फोस त्याच खुर्चीत आहे. दुसरा साप अजून मिळालेला नाही.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच कागदावर लिहिली नाही.

त्या संध्याकाळी केंद्रात आणल्यावर सापाने खाल्लेलं ओकून टाकलं. धरपकड झाली की साप असं करतात. मला वाटलं, रानउंदीर असेल. पण तो पांढराशुभ्र होता, थेलनसारखे लोक पाळीव सापांसाठी फ्रीझरच्या पाकिटातून विकत आणतात तसला. दुपारी बारापासून साप माझ्या पेटीत होता, म्हणजे गिळून सहा तास तरी झाले असणार. मी चिमट्याने तो उंदीर उचलला. हातातून निसटून तो स्टीलच्या टेबलावर पडला.

टक्कन वाजला. दगडासारखा गोठलेला होता, आणि मिशांवर बर्फ होतं.